सिलिकेटची बाटली आणि माझे पाहुणे

“सर, सेल चार्जच घेईना झालाय,” लातूरहून शेख सर फोनवर सांगत होते. आमच्या पुडीचे बॅटरी सेल बांधून त्यांची टेस्ट त्यांच्याच लॅबमध्ये व्हायची. “पहिल्या वेळी कसा मस्त चालला होता. आता पार बसलाय.”

मी नांदेडच्या आमच्या कॉलेजात, केबिनमध्ये चहाचा कप घेऊन उभा होतो. समोर मनीषा. ही भोकरची, माझ्याकडे पीएचडी करत होती. तिच्या पेपरवर रेफरीने, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, एकच अट घातली होती: टेस्ट पुन्हा करून दाखवा. पेपर छापला गेला तरच थिसिस सबमिट होणार होता, आणि थिसिस वेळेत गेला तरच बंगळूरच्या एका लॅबमधली तिची जागा टिकणार होती. तिचा चेहरा उतरला. माझा पारा चढला.

आमचा पदार्थ होता लिथियम आयर्न सिलिकेट. नावाला घाबरू नका. लिथियम मोबाइलच्या बॅटरीतलं, लोखंड गंजतं तेच, आणि सिलिकॉन वाळूतलं. हा पदार्थ बॅटरीच्या धन बाजूला, म्हणजे कॅथोडला, वापरून पाहतात. चार्जिंग करताना लिथियम यातून बाहेर पडतं, बॅटरी वापरताना परत येतं. यात महागडा, विषारी कोबाल्ट नाही. सिलिकॉन ऑक्सिजनला इतका घट्ट धरून असतो की तापलं तरी तो सहसा सुटत नाही, म्हणून पेट घ्यायची भीती कमी. शिवाय लोखंडाच्या एका अणूमागे लिथियमचे दोन. कागदावर दोन्ही कामाला लागतात. प्रत्यक्षात एक लागला तरी आम्ही पेढे वाटतो.

दोष दोन. पहिला, यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. म्हणून साखर घालून आर्गन वायूत भाजायचं. साखरेचा कोळसा होऊन कणांवर त्याचा थर बसतो आणि वीज वाहायला लागते. पूड काळीभोर होते. दुसरा दोष हवा. दमट हवा लागली की वरवरचं लिथियम निसटतं, लोखंडाचं रूप बदलतं आणि माल शिळा होतो. हा दुसरा दोष मी वर्गात फार सुंदर शिकवतो.

तर चौकशी सुरू झाली. अध्यक्ष मीच.

“शेख सर, तुमची मशीन एकदा तपासून घ्या.”

“मशीनला काय झालंय? दुसऱ्यांचे सेल चालूनच राहिले ना! बाटली तुमची, पूड तुमची.”

मग मी आर्गनचा सिलिंडर देणाऱ्याला झापलं. त्याने शांतपणे विचारलं, “सर, पहिल्या वेळी पण हाच गॅस होता ना?” होता. पूडही त्याच बॅचची होती. मग उरली मनीषा. तिला समोर उभं करून मी झाकण कसं लावायचं, बाटली किती वेळा उघडायची, यावर व्याख्यान दिलं. तिने मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, पोरीला पटलं.

“आता असं करू,” मी म्हणालो, “पेपर मागे घेऊ. नवी बॅच करू, सगळं पहिल्यापासून. बंगळूरचं पुढं बघता येईल.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

“सर, रागावणार न्हाई ना?”

“बोल की.”

“याच बॅचची अर्धी पूड लातूरला हाय. शेख सरांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये. पहिल्या टेस्टच्या वेळीच ठेवून आले मी.” ग्लोव्ह बॉक्स म्हणजे आर्गनने भरलेली बंद काचपेटी, तिला लावलेल्या हातमोज्यांत हात घालून आतलं काम करायचं.

“मग आधी का नाही बोललीस? आणि तिथं ठेवलीस कशाला?”

“तुमच्यापासून लपवायला.”

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग ती एकेक नाव घेऊ लागली. अर्धापूरचे केळीवाले काका. उदगीरचे माझे व्याही. माजी प्राचार्य, त्यांचे जावई. गणपतीच्या वर्गणीला आलेलं अख्खं मंडळ.

खरं होतं सगळं. आमच्याकडे घरी आलेल्याला चहा आणि केबिनमध्ये आलेल्याला संशोधन, असा माझा शिरस्ता. कपाटातून बाटली काढायची, झाकण फिरवायचं आणि म्हणायचं, “बघा, उद्याची बॅटरी.” ऐन पावसाळ्यात. केळीवाल्या काकांच्या तर तळहातावरच चिमूटभर ठेवली होती. “लईच काळं हाय की,” ते म्हणाले होते, “याच्यावर मोटर चालंल का?” चालेल म्हणालो आणि उरलेली पूड झटकून बाटलीत परत टाकली, वाया नको म्हणून. पाहुणा उठेपर्यंत झाकण टेबलावरच पडलेलं असायचं. कारण गप्पा.

“मला टोकायचं नाही का?”

“टोकलं होतं सर. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांसमोर बोलू नकोस.”

मला फार लाज वाटली. तिला सॉरी म्हणालो, तेही नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती लातूरला गेली. मला सोबत येऊ नका म्हणाली, मीही हट्ट केला नाही. शेख सरांनी काचपेटीतल्या पुडीचे नवे कॉइन सेल बांधले, म्हणजे घड्याळात असतात तसे बटणाएवढे. ते पहिल्यासारखेच चालले. शेख सरांचा फोन आला, “मुबारक हो सर. तुमचा हात न्हाई लागला, म्हणून जमलं.” पेपर स्वीकारला गेला, थिसिस वेळेत सबमिट झाला.

माझी बाटली मात्र तिने टाकून दिली नाही. तिच्यावर थिसिसमध्ये अख्खं एक प्रकरण लिहिलं: दमट हवेचा लिथियम आयर्न सिलिकेटवर होणारा परिणाम. काचपेटीतली पूड एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला. व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांना नेमकं तेच प्रकरण सगळ्यात आवडलं.

“नमुना इतका एकसारखा शिळा केलाय,” ते म्हणाले. “वरच्या थरापासून तळापर्यंत. आम्हाला नाही जमत असं. ही पद्धत कोणाची?”

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

“आमच्या सरांची,” मनीषा म्हणाली. “पण सर, पुन्हा करून दाखवा म्हणू नका. लई पाहुणे लागतात.”