भीमराजभाऊंचा लोहचुंबक

भीमराजभाऊंकडे एक लोहचुंबक होता. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला, काळा, गोल, बांगडीएवढा. आमचं सगळं संशोधन त्या चुंबकावर चालायचं, असं मी म्हटलं तर विभागातले लोक हसतात. हसू देत. तिथे ते नव्हते, मी होते.

साल १९९६. मी पुण्यात विद्यापीठात संशोधन करत होते. जामखेडकडच्या गावांत इतक्या लोकांना फिट का येतात, हा माझा विषय. त्यासाठी मेंदूच्या आतली चित्रं हवी होती, आणि ती काढणारं एमआरआय मशीन विद्यापीठाकडे नव्हतं. अकरा महिने अर्ज केल्यावर पुण्यातल्या एका खासगी सेंटरने महिन्यातला एक रविवार दिला, दुपारी बारा ते चार. चित्रं टेपवर घ्यायची आणि टेप विद्यापीठाच्या संगणक विभागात न्यायची. तिथला मोठा संगणक आम्हाला गुरुवारी मिळे, तोही बाकीच्यांचं भागल्यावर. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं म्हटलं की आपल्या सोयीने तहान लागून चालत नाही.

सेंटरच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्या खोलीत लोखंड गेलं, तर तुमचा रविवार संपला." चित्र काढणं थांबलं तरी त्या मशीनचा चुंबक कधी थांबत नाही. लोखंड दिसलं की तो ओढून घेतो, मध्ये कोण झोपलंय हे बघत नाही. दर महिन्याला ते जाड दार लागलं की मी चार वाजेपर्यंत घड्याळ बघत बसायचे.

भीमराजभाऊ खर्ड्याचे. सुप्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं लेथवर होते, तो बंद पडल्यावर गावी परतले आणि आमच्याकडे लागले. सायकलवरून गावोगाव फिरून फिट येणाऱ्यांची नावं लिहायची, घरच्यांना समजवायचं आणि रविवारी सहा-सात जणांना जीपमधून पुण्याला आणायचं, हे त्यांचं काम. सेंटरच्या अंगणात लिंबाखाली ते सगळ्यांना रांगेत उभं करत आणि एकेकाच्या कपड्यांवरून चुंबक फिरवत. बायका जीपमागे जाऊन एकमेकींवर फिरवत. मंगळसूत्र काढायला कुणी तयार नसे. मग भाऊ पिशवीतून दोऱ्यात ओवलेलं हळकुंड काढत. "हे बांधा, मावशी. मग तुमच्या मालकास्नी काय हुत न्हाई." स्वतः बौद्ध, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण दुसऱ्याच्या भीतीला ते कधी हसले नाहीत.

लोखंड निघायचंच. गावाकडे फिट आली की माणसाच्या हातात किल्ली देतात, नाकाला कांदा लावतात. म्हणून प्रवासाला निघताना घरचे काही ना काही लोखंड गुपचूप अंगावर ठेवायचे. दगडाबाई नावाच्या म्हातारीच्या अंबाड्यातून भाऊंनी एकदा चांगला बोटभर खिळा काढला. ती भांडली, तर म्हणाले, "खिळा जपून ठिवतो. जाताना देतो." आणि दिला.

त्यांची मुलगी दीपा नऊ वर्षांची होती. आधी तिचा डावा हात थरथरायचा, मग ती पडायची. गोळ्यांनी फरक नव्हता. आमचे डॉक्टर म्हणाले, मेंदूत एकाच जागी काहीतरी बसलंय. ते काय आहे हे दिसलं तर कदाचित बरं करता येईल. पण यादीत भाऊंनी तिचं नाव शेवटी घातलं.

"आधी गाव, मॅडम. न्हाई तर लोक म्हनतील, पोरीसाठीच ह्यो उद्योग केला."

मला तिचं नाव वर घेता आलं असतं. मी घेतलं नाही. त्यांचा हा ताठा मला तेव्हा आवडला होता, आणि त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

तिची पाळी आली एप्रिल सत्त्याण्णवमध्ये. बरोबर आई विमलबाईही आल्या होत्या. भाऊंनी पाच जणांवर चुंबक फिरवला आणि पिशवीत ठेवला.

"दीपाचं?" मी विचारलं.

"आमच्या घरात असलं काय न्हाई, मॅडम. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय."

विमलबाई खाली बघत होत्या. ते मी पाहिलं, आणि वाटलं, लाजतायत.

पोरगी झोपली. फळी आत सरकायला लागली. मग परकराचा नेफा टरकन फाटल्याचा आवाज आला, आणि लगेच ठण्ण. जुन्या कुलपाची लांब किल्ली तिची भुवई फाडून मशीनच्या आतल्या भिंतीला जाऊन चिकटली होती. डोळा दोन बोटांनी वाचला. चित्र झालंच नाही.

अंगणात विमलबाई रडत होत्या. "म्याच शिवली. झटका आला तर जवळ लोखंड असावं. म्या काय तिचं वाईट चितलं व्हय?" भाऊ पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मालकही रागावले नाहीत. त्यांनी आमच्या परवानगीचं पत्र फाइलमधून काढून मला परत दिलं, तेवढंच. किल्ली दुसऱ्या दिवशी निघाली, ती मी भाऊंकडे पाठवली.

दिव्याखाली अंधार, असं विभागात लोक म्हणाले. मला त्या म्हणीचा संताप येतो. मी पुन्हा अर्ज लिहायला बसले. उत्तरं यायची: विचाराधीन आहे.

मे संपता संपता दीपा टँकरच्या हौदावर पाणी आणायला गेली. तिथे तिला झटका आला आणि ती आत पडली. हौदात पाणी गुडघाभरच होतं.

मी खर्ड्याला गेले, तेव्हा विमलबाई दारातच म्हणाल्या, "तुमी किल्ली काढून घेतली. ह्यांनी परत बांधू दिली न्हाई." मी भाऊंकडे पाहिलं. असं काही नसतं, एवढं तरी ते म्हणतील असं वाटलं होतं.

डिसेंबरात दुसऱ्या एका इस्पितळाने मशीन दिलं. भाऊ सहा जणांना घेऊन आले. वाळले होते. त्यांनी या वेळी आधी माझ्यावर चुंबक फिरवला, मग बाकीच्यांवर, दोन-दोनदा. इथे नियम होता की दाराच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तपासायचं. म्हणून शेवटी त्यांनी तो स्वतःच्या अंगावरून नेला.

सदऱ्याच्या खिशावर तो खट्कन चिकटला.

भाऊंनी खिशाची टाचणी सोडली, तीच लांब किल्ली बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली.

"चित्रं झाली की परत द्या, मॅडम," ते म्हणाले, आणि पहिल्या बाईला घेऊन आत गेले.

दार लागलं. ती किल्ली मुठीत घट्ट धरून मी चार वाजेपर्यंत बाहेर बसून राहिले.