मागच्या बाकापासून

दामू गेल्याचं त्याची बायको, सुशीलावहिनी, दारात येऊन सांगत होत्या, तेव्हा मी विहिरीवरून पाणी ओढून नुकताच टेकलो होतो. खरं सांगतो, आधी चिडच आली... गेला हा, आणि आमचा नळ काही आला नाही!

बोरिवलीत आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर, बिऱ्हाडंही एकाच गल्लीत. वर्गात प्रश्न विचारायचा तर दामू मागच्या बाकापासून सुरुवात करी. "पुढचे काय, हात वर करतातच," म्हणे. शाळेत हे ठीक होतं. पण नगरपालिकेच्या निवडणुकीत मीच त्याला उभं केलं, "पहिला नळ आपल्या गल्लीत" असं दारोदार सांगत फिरलो, आणि नगराध्यक्ष झाल्याबरोबर या गृहस्थानं पाइप नेले कुठं, तर थेट खाडीकडच्या गावठाणात! तिथल्या बायका कोसभरावरून पाणी आणत, हे कबूल. पण इथं गल्ली मला खायला उठली, त्याचं काय? आमच्या हिनं तर त्याचा चहाच बंद केला.

"अरे, निदान वहिनींचे हात बघ. रहाट ओढून सोलवटलेत."

"तू पुढच्या बाकावरचा ना रे वसंता? थांब की जरा."

थांबलो. तेवढ्यात नगरपालिकाच मुंबईत विलीन झाली, खुर्ची गेली, आणि स्वारी खडू घेऊन पुन्हा वर्गात हजर. चेहऱ्यावर खंत म्हणून नाही. मी शेवटपर्यंत भांडलो त्याच्याशी. दगडावर डोकं आपटणं नुसतं.

तो गेला ऐन मे महिन्यात. विहिरीनं तळ गाठलेला, मी ओढलेलं पाणी सगळं गढूळ. त्याला शेवटची आंघोळ कशानं घालायची, म्हणून आम्ही अंगणात खोळंबलो होतो. तेवढ्यात गावठाणातली फिलोमिनाबाय आणि तिच्यामागून चार-पाच जणी डोक्यावर हंडे घेऊन आल्या.

"मास्तरांसाठी पानी आनलंय. तुमच्याकडं नळ नाय ना अजून?"

भटजींच्या कपाळाला आठी पडली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनीच नेलेलं पाणी आहे ते. घाला." मग मात्र मला रडू आवरेना.

एक हंडा भरलेला उरला. त्या पाण्याचा चहा करून हिनं वहिनींना पाजला. तो हंडा आजही आमच्या ओट्यावर आहे. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. आता तूच सांग दामू, आमच्या गल्लीतून तो भरायचा कशानं?