सुरुचीचा चातुर्मास आणि न जळणारा कचरा

सुरुची देवस्थळी आणि हिरानो-सान यांची पहिली भेट झाली त्या सकाळी भारत आणि जपान यांचे संबंध निदान अर्धा तास तरी तुटलेले होते. टोकियोतल्या निशिकासाईत चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडून सुरुचीला जेमतेम दोन दिवस झाले होते. गृहप्रवेशाचा नारळ फोडून तिने करवंट्या कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात ठेवल्या होत्या. सकाळी सातला बेल वाजली. दारात साडेचार फुटी एक म्हातारी उभी. डोक्यावर टोपी, हातांत रबरी हातमोजे, काखेत झाडू भाल्यासारखा धरलेला, आणि ओंजळीत त्यातली एक करवंटी, जणू जरा धक्का लागला तर अख्खी इमारत उडेल. मागे जिन्यात तीन शेजारी, एक कुत्रं आणि एक पोस्टमन. कुत्रंही गंभीर होतं.

"हे कोणत्या प्राण्याचं आहे?" म्हातारीने विचारलं.

करवंटीवरच्या शेंड्या पाहता प्रश्न रास्त होता. पुण्यात तीन महिने क्लास लावून कमावलेली सगळी जपानी सुरुचीने पणाला लावली. "झाडाचं आहे. देवाला दिलं. मग आम्ही खाल्लं."

म्हातारी एक पाऊल मागे सरकली. पोस्टमन दोन.

या हिरानो-सान. इमारतीच्या केअरटेकर. नवरा वारल्यापासून एकवीस वर्षं त्यांनी एकच काम निष्ठेने केलं होतं: कोणाचा कचरा चुकीच्या वारी खाली आला हे ओळखणं आणि त्यावर पिवळं स्टिकर चिकटवून तो मूळ मालकाच्या दारात परत नेऊन ठेवणं. सोमवार-गुरुवार जळणारा, शनिवारी न जळणारा. पिशवी नुसती उचलली तरी आत काय आहे आणि कोणाचं आहे हे त्यांना समजत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं बिनसलंय हे त्या जोडप्याआधी हिरानो-सानना कळलं होतं, कारण एका घरातून दोन वेगळ्या टूथपेस्टच्या नळ्या येऊ लागल्या होत्या.

सुरुचीचा नवरा सत्यजित एका बँकेच्या प्रोजेक्टवर आला होता. त्या वर्षांत पुण्यातून टोकियोला इंजिनिअर असे येत होते जसे आंब्याच्या पेट्या येतात, पेंढ्यात गुंडाळून आणि वरून नाव लिहून. वर्षभराने सुरुचीलाही टेस्टरची नोकरी लागली. सकाळी पाऊण तास उभ्याने ट्रेन, मग दहा तास खुर्ची, मग पुन्हा उभ्याने ट्रेन. कंबरेने असहकार पुकारला. ऑफिसातल्या एका मुलीने इंटरनेटवरून येणारी एक हिरवी पूड सुचवली. क्रॅटम. थायलंडकडच्या एका झाडाचा पाला, वाळवून दळलेला. तेव्हा दुकानातही उघड मिळायचा. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं: वनस्पतीचा नमुना, खाण्यासाठी नाही.

इथे सुरुचीने ती चूक केली जी फक्त आपल्याकडची माणसंच करू शकतात. पाला आहे, कडू आहे, दळलेला आहे, म्हणजे ते चूर्णच. सुंठ, त्रिफळा, अश्वगंधा यांच्या रांगेत तिने चौथा डबा ठेवला, आणि तो होता माच्चाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाचा रिकामा डबा. सकाळी कोमट पाण्यात एक चमचा. कंबर निमूट झाली. डोकं चालू लागलं. ट्रेनमधली गर्दी प्रेमळ वाटू लागली. सत्यजित तर हरखून गेला. "आमची सुरुची अगदी जपानी झाली हो," तो ज्याला-त्याला सांगे, "माच्चाशिवाय दिवस सुरू होत नाही तिचा!"

एकाचे दोन चमचे झाले, दोनाचे पाच. मे महिन्याच्या सुट्टीत दोघं हाकोनेला गेले आणि डबा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, पायांत मुंग्यांचं संमेलन भरलं. फुजी पर्वत समोर स्वच्छ दिसत होता आणि सुरुचीला फक्त परतीची ट्रेन दिसत होती. "ताप आलाय," तिने सांगितलं. सत्यजितने पर्वताचा एक फोटो काढला आणि परतीची तिकिटं काढली. घरी आल्यावर चप्पल न काढता ती डब्याकडे गेली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, त्रिफळ्यासाठी कोणी असं धावत नाही.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. वॉर्ड ऑफिसातून आई-बाळाची वही मिळाली, जिच्यात इथे गरोदर बाईचा सगळा हिशोब डॉक्टर लिहितात. त्यातल्या प्रश्नांत होतं: नियमित औषधं? सुरुचीने लिहिलं, नाही. दारू? नाही. सिगारेट? नाही. पूड असा प्रश्नच नव्हता. नसलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण देतं? पण ही गोष्ट तिच्या मनात खड्यासारखी टोचत राहिली. पाचव्या महिन्यात पोटात पहिली लाथ बसली त्या दुपारी तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रॅटमबद्दल शोधलं. जन्मल्यावर थरथरणाऱ्या, रडं न थांबणाऱ्या बाळांबद्दल दोन ओळी वाचल्या, ते पान बंद केलं, आणि तिचा हात आपोआप पर्समधल्या पुडीकडे गेला. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तेवढ्यात आषाढी आली. टोकियोच्या मराठी मंडळाच्या प्रभावतीकाकू, पंचवीस वर्षं इथे राहून ज्यांनी जपानलाही शिस्त लावली होती, दर वर्षी बायकांना घरी बोलावून चातुर्मासात काय सोडणार ते जाहीर करायला लावत. कोणी कांदा-लसूण सोडलं, कोणी वांगी. एकीने कोनबिनीतलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं, आइस्क्रीम सोडलं आणि लगेच डोळे पुसले.

"सुरुची, तुझं काय गं?" काकूंनी विचारलं.

"मी... माझा हिरवा चहा सोडते."

"अगं, एवढंच? पोटुशी आहेस म्हणून सूट मागतेस होय! बरं, लिहा गं, सुरुची, चहा."

सगळ्या हसल्या. आपण काय सोडतोय हे त्या खोलीत एकटीलाच माहीत असणं फार एकाकी होतं. पण चार बायकांसमोर बोललेला शब्द होता. सत्यजितला न सांगता, डॉक्टरांना न सांगता, देवाच्या साक्षीने सगळं मिटेल, असा तिचा बेत होता. गुरुवारी सकाळी तिने डबा धुऊन टाकला, घरातली सगळी भरलेली पाकिटं एका पिशवीत कोंबली, गाठ मारली, खाली जाऊन जळणाऱ्या कचऱ्यात ठेवली आणि हात जोडले.

दहा मिनिटांत पिशवी दारात परत आली. पिवळं स्टिकर: आत चांदीच्या कागदाची पाकिटं आहेत. हे जळत नाही.

ती पिशवी गॅलरीत गेली. सत्यजित ऑफिसात गेला, सुरुचीने दोन दिवस रजा टाकली होती. आणि मग सुरुची आणि पिशवी अशा दोघीच घरात उरल्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिचे पाय तिचे राहिले नव्हते. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. स्वयंपाकघर ते गॅलरी अकरा पावलं, गॅलरी ते स्वयंपाकघर अकरा. उकडत होतं म्हणून एसी लावला, थंडी वाजली म्हणून बंद केला, पुन्हा लावला. पोटात पिळवटून येई आणि आतलं लेकरूही तिच्यासारखंच एका जागी ठरत नव्हतं. तिने पडदा ओढला, पिशवी दिसू नये म्हणून. मग ती आहे ना हे बघायला पडदा सारला. आईला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत ठेवला. "चातुर्मास चार महिन्यांचा असतो," ती स्वतःशी म्हणाली, "आणि हा दुसरा दिवस आहे."

शनिवारी न जळणारा कचरा. सत्यजितला सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी ऑफिसला जावं लागलं. ती जिन्याच्या कठड्याला धरून खाली गेली, पिशवी ठेवली, आणि वर येऊन दाराला पाठ टेकवून उभी राहिली. बेल वाजली. या वेळी हिरानो-सान स्वतः थांबल्या होत्या.

"पाकिटं न जळणारी," त्या म्हणाल्या. "पण आत पूड आहे. पूड जळते. आधी रिकामी करा, धुवा, पूड सोमवारी, पाकिटं पुढच्या शनिवारी."

म्हणजे एकेक पाकीट उघडायचं. स्वतःच्या हाताने. सुरुचीने पिशवीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. कडू पाल्यासाठी! कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला.

हिरानो-साननी चष्मा नाकावर सरकवून पाकिटावरचं वाचलं. "वनस्पतीचे नमुने. एवढे? तुम्ही कॉलेजात शिकवता का?"

खोटं बोलायला जेवढी जपानी लागते तेवढी सुरुचीला येत नव्हती. मराठीत तिने तीन कारणं तिथल्या तिथे रचली असती.

"मी खाते," ती म्हणाली. "रोज. परवा सोडलं."

हिरानो-साननी पोटाकडे पाहिलं. मग तिच्या सारख्या जागा बदलणाऱ्या पावलांकडे. त्या ओरडल्या नाहीत, कपाळाला हात लावला नाही. तुटलेली छत्री कुठल्या वारी टाकायची याचा विचार करावा तसा दोन क्षण विचार केला.

"वही आणा," त्या म्हणाल्या. "आई-बाळाची. आणि चपला घाला."

बसमध्ये हिरानो-सान ताठ बसल्या, मांडीवर पिवळं स्टिकर लावलेली कचऱ्याची पिशवी घेऊन. शेजारचा माणूस नम्रपणे उठून दुसरीकडे गेला. सुरुची कधी बसत होती, कधी उभी राहत होती. "बसा," हिरानो-सान म्हणत. दोन थांब्यांनंतर त्यांनीच उठून तिला चालायला वाट करून दिली, आणि ती बसच्या मधल्या बोळात येरझारा घालू लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पाकीट हातात घेतलं, नाव उतरवून घेतलं, कोणाला तरी फोन केला, मग आणखी कोणाला. बाळाचे ठोके लावून पाहिले. टकटक टकटक, जरा घाईत, पण चालू. अर्ध्या तासाने वेदनांवर उपचार करणारे एक वयस्कर डॉक्टर आले.

"कधीपासून बंद केलं?"

"गुरुवार सकाळ."

"एकदम?"

"एकदम." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"ते चुकलं," डॉक्टर म्हणाले. "घेणं चांगलं नव्हतंच. पण पोटात बाळ असताना एकटीने एकदम तोडणं धोक्याचं. हा पाला शरीरात अफूच्या जातीतल्या औषधांसारखा वागतो. तुम्हाला जे होतंय त्याचा ताण बाळावरही येतो. दाखल व्हा. त्याच्या जागी मापून औषध देऊ, दोघांवर लक्ष ठेवू, आणि मग हळूहळू कमी करू."

"पण मी व्रत घेतलंय!" सुरुची मराठीत ओरडली. मग जपानीत, जमेल तसं: "देवाला सांगितलंय. चार महिने."

"देवाला सांगा, डॉक्टरांनी वेळापत्रक बदललं," हिरानो-सान म्हणाल्या.

एवढ्यात निरोप मिळून सत्यजित आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लोंबकळत. पंधरा मिनिटांत त्याला सगळं सांगून झालं. त्याने पिशवीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे तो माच्चा नव्हता?"

"नव्हता रे."

"अगं, मी साहेबाला पाजलाय तो! 'उत्कृष्ट' म्हणाला होता!" मग त्याचा आवाज खाली आला. "सुरुची, व्हिसाचं काय? पोलीस?"

"इथे पेशंट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विकत मिळतं ते घेतलंय. मला फक्त एक गोष्ट हवी. दिवसाला किती चमचे?"

सत्यजित तिच्याकडे बघत होता, ओठ किंचित उघडे, घाबरलेल्या मुलासारखा.

"तीन," सुरुची म्हणाली.

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं. हिरानो-साननी फक्त आपल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली, फार लक्षपूर्वक. आणि सुरुचीला आठवलं, की दर शनिवारी रिकामी झालेली चांदीची पाकिटं याच बाईच्या हाताखालून गेलीत. दीड वर्षं. पहिल्यांदा आठवड्याला एक, मग दोन, आणि या वर्षी... हिला आकडा तोंडपाठ होता. सांगत नव्हती. थांबली होती. चुकीच्या मापाचं औषध पोटातल्या जीवाच्या वाट्याला जाणार होतं, आणि ही म्हातारी बूट बघत होती.

"नऊ," सुरुची म्हणाली. "कधी दहा."

सत्यजितने खुर्ची शोधली. हिरानो-साननी मान वर केली आणि डॉक्टरांकडे पाहून एकदाच हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मग आई-बाळाच्या वहीत 'नाही' खोडून नवीन उत्तर लिहिलं गेलं, तारखेसकट.

सुरुची सोळा दिवस दवाखान्यात राहिली. दुसऱ्या दिवशी पाय तिला परत मिळाले. प्रभावतीकाकू फराळाचे डबे घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्या वहीतलं खोडणार नाही हं. चहा सोडलाय असंच राहू दे. सोडतेच आहेस की, सावकाश." घरी आल्यावर दर आठवड्याला तपासणी, दर आठवड्याला माप किंचित कमी. काही आठवडे कमी होत नसे. त्या आठवड्यांत ती पुन्हा अकरा पावलं मोजायची, आणि सत्यजित तिच्या मागे-मागे चालायचा, हातात लॅपटॉप घेऊन.

नोव्हेंबरात मुलगी झाली. दोन किलो सातशे. पहिले तीन दिवस तिचे हातपाय थरथरत. सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं म्हणून कोणी घाबरलं नाही, फक्त सुरुची घाबरली. काचेच्या खोलीत बारा दिवस नर्सनी तिला अंधारात, गुंडाळून, हळू बोलत ठेवलं. मग ती दूध ओढायला लागली. नाव ठेवलं कस्तुरी.

सुरुचीचं औषध पूर्ण बंद व्हायला मार्च उजाडला. त्याच महिन्यात सत्यजितचं प्रोजेक्ट संपलं आणि तिघं पुण्याला परत आली. निघायच्या गडबडीत जुनी गादी तशीच खाली ठेवली गेली होती, मोठा कचरा म्हणून आधी नोंदवायची राहून. हिरानो-साननी तिच्यावर पिवळं स्टिकर चिकटवून ती चौथ्या मजल्यावर परत नेली. दार बंद होतं.