पाच दगडांचं बेट

अंदमानला जावं, लक्षद्वीपला जावं की सरळ लंकेला, हे ठरवण्यात आमचा कार्तिक गेला. मार्गशीर्षात लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होणार होती. आणीबाणी उठली होती, माझी रजा साठलेली होती, आणि अकोल्याच्या आमच्या कचेरीतला एक सहकारी नुकताच अंदमानाहून शिंपले घेऊन परतला होता. त्याच्याकडची माहितीपत्रकं मी घरी नेली. प्रत्येकावर एक वाकलेला माड आणि निळं पाणी.

माझा कल लंकेकडे होता. आम्ही बौद्ध, अनुराधापुराच्या बोधिवृक्षापुढे जोडीनं माथा टेकवावा, असं मी बायकोला समजावत होतो. रामेश्वराहून बोट मिळते पण पासपोर्ट लागतो, अंदमानला बोटीत तीन-चार दिवस जातात, लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो, असं सगळं वाचून दाखवलं. कौसाला, म्हणजे कौसल्याला, वाचता येत नाही. माहेरची पत्रंसुद्धा इतकी वर्षं मीच तिला वाचून दाखवत आलो. ती ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेटावरच जायचं ना? मंग आपल्या बेटावर जाऊ."

आपलं बेट म्हणजे हिंगोलीकडे, पूर्णेवरच्या धरणाच्या पाण्यात उरलेली एक टेकडी. खाली तिचं माहेर बुडालेलं आहे. धरणाच्या मोजणीवर मी ओव्हरसियर होतो. पाणी कुठवर येणार ती रेघ आमच्याच तुकडीनं आखली. आमची पहिली मुलगी शेवंता अकरा महिन्यांची होऊन तिथेच, आजोळी वारली. लहान लेकरं पुरतात, तशी तिला तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या चिंचेखाली पुरली. पाणी चढायच्या आधी गावानं मारुती हलगी लावून नव्या गावात नेला. तेव्हा कौसा मला म्हणाली होती, "देव हलवला. माझं लेकरू बी हलवा." मी दोन दिवसांनी येऊन सांगितलं, हलवलं, टेकडीवर लिंबाखाली ठेवलं आहे, वर पाच दगड रचले आहेत.

दगड रचले होते, तेवढं खरं. खाली काही नव्हतं. जगात हे एकट्या मला माहीत होतं. मी सुचवलेली सगळी बेटं हिंगोलीपासून फार लांबची होती, ती काही उगीच नव्हे.

अकोल्याहून वाशीम आणि वाशीमहून हिंगोलीची एस.टी., असे निघालो. कौसाच्या मांडीवर डालड्याच्या डब्यात लावलेलं पिंपळाचं बोटभर रोप होतं. ते बेटावर लावायचं होतं. "लंकेची फांदी न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. गाडीच्या धक्क्यांनी माती सांडत होती आणि ती चिमटीनं उचलून पुन्हा डब्यात टाकत होती.

कनेरगाव नाक्यावर चाक बसलं. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक शोधायला गेले, आम्ही धाब्याच्या बाकावर बसलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापूस फुटला होता, आणि ट्रकांची धूळ त्यावर बसून पांढरा रंग मळलेला दिसत होता. भजी गरम होती, चहा नुसता गोड. शेजारी पटका बांधलेले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी कौसाला विचारलं, कुठं चाललीस बाई?

"लेकीकडं."

"कुठं दिली?"

"माझ्या माहेरातच हाय ती."

"हे बराबर केलं," म्हातारबाबा म्हणाले. "जवळ असली मंजी तकलीफ न्हाई. आमची पार तिकडं नांदेडाखाली दिली, सणाला बी येत न्हाई."

कौसा हसली. मी चहाचा पेला परत द्यायला उठलो आणि चाक बदलून होईपर्यंत बाकाकडे फिरकलो नाही.

हिंगोलीच्या स्टँडवर औंढ्याची गाडी मिळाली. तिथून पुढे बैलगाडीनं, संध्याकाळच्या आत नव्या गावात पोचलो. नवं गाव म्हणजे सरकारी आखणीचं, सरळ रस्ते, एका मापाची घरं. आखणारे आमच्यासारखेच. गावाला सावली मात्र अजून नाही. मेहुणा तुळशीराम वाट बघत होता. गाव उठलं तेव्हा तो मिसरूड फुटलेला होता. आता कानावरचे केस पिकले आहेत. जमीन गेली, तेव्हापासून तो धरणात जाळी टाकतो, गवत कापणाऱ्यांना टेकडीवर सोडतो. 'जयभीम दाजी' म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बहिणीला मिठी मारून रडला. वडिलांच्या मरणानंतर ती आलीच नव्हती. तेव्हाही मी तिला तिसऱ्याच दिवशी परत नेलं होतं.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि मासळीचं लालभडक कालवण होतं. मासळी कुठली, हे विचारायची गरज नव्हती. कौसानं मन लावून खाल्लं. मी कोरडी भाकरी आणि कांदा खाल्ला. मेहुण्याची बायको दुखावली, म्हणाली, साहेबाला आमचं गोड लागून न्हाई राहिलं. पोट बरं नाही, असं मी सांगितलं.

सकाळी पाण्यावर आलो. नाव नव्हती, काहील होती (उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई). गुऱ्हाळ बुडालं, काहील राहिली, ती आता माणसं वाहते. तिघंजण बसलो की काठ पाण्यापासून वीतभर वर. तुळशीराम फळीनं पाणी मारायचा तशी ती पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरायची. धरणाची भिंत, टेकड्या, पुन्हा भिंत. पाणी माहितीपत्रकातलं निळं नव्हतं, काळ्या मातीचं मळकट हिरवं होतं. मधे एका वठलेल्या झाडाचा शेंडा वर आलेला, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मी कौसाला पक्ष्यांची नावं सांगत होतो. बोलणं दुसरीकडे न्यायचं असलं की मी माहिती सांगतो.

तुळशीराम त्या शेंड्याकडे बघून सहज म्हणाला, "अक्का, दुष्काळात ही चिंच बुडापस्तोर उघडी पडली व्हती. भेगाळलेला चिखल, अन् लेकरांचे दगड वळीनं दिसून राहिले व्हते. शेवंताचा बी. दाजीला लिवलं व्हतं मी, येऊन जा म्हून."

"शेवंता वर हाय," कौसा म्हणाली.

तुळशीरामची फळी थांबली. तो माझ्याकडे बघत राहिला. काहील आपोआप अर्धी फिरली आणि माझं तोंड धरणाकडे झालं. मग तो पुन्हा पाणी मारू लागला. पाच वर्षांपूर्वीचं ते पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. ती ओळ सोडून.

बेट लहान आहे. चढायला दहा मिनिटं लागतात. सीताफळीची झुडपं, कंबरेएवढं कुसळी गवत, आणि माथ्यावर लिंब. लिंब मी पाहिला होता त्याच्या दुप्पट झालेला. बुंध्याशी पाच दगड, गवतात बुडालेले. तुळशीराम खालीच काहीलीपाशी थांबला. कौसा दगडांपाशी बसली, डबा बाजूला ठेवला आणि गवत उपटायला लागली. उपटताना ती पुटपुटत होती, लेकराशी बोलतात तसं. शब्द मला कळले नाहीत.

ते मला बघवेना. मी उभ्यानंच सांगितलं. त्या दिवशी दोन मजूर घेऊन चिंचेखाली गेलो होतो. तिथे लहान लहान वीसेक ढिगारे होते. आपला कोणता, ते मला माहीत नव्हतं. शेवंता गेल्याचा निरोप मला वेळेवर मिळाला होता. साहेबांची तपासणी होती म्हणून मी एक दिवस उशिरा निघालो, आणि पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यानंतरही चिंचेखाली मी गेलो नव्हतो. सासऱ्यांना बोलावलं असतं तर त्यांनी दाखवलं असतं. पण बापाला लेकराची जागा ठाऊक नाही, हे मला मजुरांसमोर म्हणवेना. त्यांना परत पाठवलं, वर येऊन दगड रचले. पत्रातली ओळही वाचली नाही, तेही सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "मंग हितं काय हाय?"

"काही नाही."

ती गवत उपटत राहिली. सगळं स्वच्छ होईपर्यंत उपटलं. मग एकेक दगड उचलून पदरात घेतला. जड होते, मी हात पुढे केला, तिनं पाहिलं नाही. रोपाचा डबा उचलायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल. तो मी घेतला.

काहीलीत बसल्यावर तिनं भावाला सांगितलं, चिंचेपाशी ने. शेंड्याच्या जवळ आल्यावर म्हणाली, "बुंध्यापासून वढ्याकडं बारा पावलं. मी मोजली व्हती." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "वढा कोणीकडं?"

पाण्यावर ओढा कुठला! पण ते मात्र मला येत होतं. मी अंगठा धरून धरणाचा पहिला मनोरा आणि समोरच्या टेकडीतली खाच जुळवली. ओढा त्या रेषेला काटकोनात जायचा. तो नकाशा मी स्वतः शाईनं काढला होता. हातानं दिशा दाखवली. तुळशीरामनं चार-पाच फटके मारले आणि थांबला.

"किती खोल?" तिनं विचारलं.

"सत्तेचाळीस फूट," मी म्हणालो.

विचार न करता म्हणालो. तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आलं.

"आकडा बराबर ध्यानात हाय," कौसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तिनं चार दगड एकेक करून पाण्यात सोडले, टाकले नाहीत. मनगटापर्यंत हात बुडवून सोडले. तुळशीरामनं हात जोडले. पाचवा दगड तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो तुमचा," म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पिंपळ तुळशीरामच्या अंगणात लावून झाला होता. त्या गावाला सावली हवीच आहे. हिंगोली गेलं, कनेरगाव नाका आला. गाडी या वेळी नीट होती, पाच मिनिटं थांबली. मी चहा आणून दिला, तिनं घेतला. पेला रिकामा करून म्हणाली, "उन्हाळ्यात पाणी उतरतं म्हन्तो तुळशीराम. दरसालाला न्हाई, पर कधी कधी लई उतरतं. त्यानं चिठ्ठी धाडली तर पुरी वाचा."

मी हो म्हणालो.

कचेरीत सगळ्यांनी विचारलं, शेवटी कोणतं बेट निवडलं? जवळचंच, असं सांगितलं. सहकाऱ्याला त्याची माहितीपत्रकं परत केली. दगड माझ्या टेबलावर आहे. कौसा रोज टेबल पुसते, दगड उचलते, खालची धूळ पुसते आणि पुन्हा जागेवर ठेवते. वैशाख लागला आहे. तुळशीरामचं पत्र आलेलं नाही. पोस्टमन आला की आता ती दाराशी जाते, पत्र हातात घेते, आणि मी वाचत असताना कागदावरच्या ओळी बोटानं मोजत माझ्या शेजारी बसते.