फणसावरचा अँटेना
सेट-टॉप बॉक्समधून धूळ करपल्याचा वास आला आणि डिचोलीतली ती शेजारीण आठवली. गोवा राज्य झालं त्या सुमारास आमच्या वाड्यावर टीव्ही तिच्याकडेच होता, आणि खाणीची लाल धूळ त्यात अशीच करपायची. तिचं घर खोलगट जागी, म्हणून अँटेना आमच्या फणसाला बांधलेला. एका संध्याकाळी आम्ही तिच्याकडे बसलो होतो; निवेदिकेने सांगितलं, माहितीपट आणि क्रिकेट उद्या, आता मराठी विनोदी नाटक. आई सरसावून बसली. एवढ्यात खाणीवरून तिथेच आलेल्या बाबांचे धुळीने लाल झालेले पाय बघून शेजारीण म्हणाली, "नाटकाक थांबू नकात, लादी तांबडी जाता." आई तडक घरी आली आणि तिने फणसाला बांधलेल्या अँटेनाची दोरी सोडली. "गो, चित्र गेला!" शेजारीण किंचाळली. आई म्हणाली, "फणसार चड आनी बघ!" नाटक आमचंही बुडालं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.