व्यायामाचं उद्यापन

चहा आधी घेऊन टाका, कारण हे सांगताना मी स्वतःच हसत बसतो आणि समोरच्याचा चहा गार होतो. व्यायाम सुरू करून मध्येच सोडणारे लोक तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तसला नाही. मी तो शेवटपर्यंत केला. माझी फजिती झाली ती शेवटपर्यंत केल्यामुळे.

माझी बायको नीलिमा गेल्यावर मी दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये एकटाच राहिलो. दिवस ऑफिसात निघून जायचा. सकाळ जायची नाही. पेपर आधी पुढून मागे वाचायचो, मग मागून पुढे. तरी आठ वाजलेले नसायचे.

आमची सई बंगळूरला असते. तिने व्हिडिओ कॉलवर माझं पोट पाहिलं, गुडघ्याची तक्रार ऐकली आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या टीव्हीवर व्यायामाचा एक कोर्स चालू करून दिला. पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी, सगळा खुर्चीत बसून. "बाबा, रोज करायचा. तुम्ही केला की नाही ते मला इकडे कळतं," अशी दटावणीही दिली.

मी एक दिवस चुकवला नाही. माझ्या निश्चयाचं कौतुक करू नका. खरं कारण असं, की सकाळी घरात कुणीतरी बोलत होतं. टीव्हीतली ती बाई हात वर करा म्हणायची, श्वास सोडा म्हणायची, आणि अधूनमधून म्हणायची, "बहुत बढ़िया, आप कर सकते हैं." इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला सूचना ऐकायची सवय लागलेली असते हो. ती एकदम बंद झाली की फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पोट थोडं उतरलं, गुडघा गप्प झाला. आणि एके दिवशी कोर्स संपला. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला, बाईंनी हात हलवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावून खुर्चीत बसलो. आता? पुढचं काहीच नव्हतं. मग पहिल्यापासून लावून पाहिलं, तर बाई म्हणाल्या, "घबराइए मत, शुरुआत सबको कठिन लगती है." मला राग आला. इतके आठवडे हिच्यासमोर घाम गाळला आणि ही ओळखसुद्धा दाखवेना!

सईला विचारलं. ती म्हणाली, पुढची पातळी आहे, पण त्यात उड्या आहेत. नाहीतर जे येतंय तेच आपलं आपण करत जा. तेही करून पाहिलं. पण रिकाम्या घरात स्वतःच स्वतःला "एक, दो, तीन" म्हणणं काही जमेना. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि नुसताच बसून राहिलो. मग उठून पेपर घेतला. पुढून मागे.

त्या दिवशी मात्र मी घाबरलो. पुन्हा त्याच सकाळी यायला लागल्या तर?

आणि मला नीलिमाचे सोळा सोमवार आठवले. माझी दिल्लीची बदली रद्द व्हावी म्हणून तिने ते धरले होते. बदली झालीच. तरी तिने यथासांग उद्यापन केलं. मी म्हटलं, अगं, देवानं ऐकलं कुठं? तर म्हणाली, "त्यानं त्याचं काम केलं नाही, म्हणून मी माझं अर्धवट ठेवू? धरलेलं असंच सोडून द्यायचं नसतं. निरोप देऊन सोडायचं असतं."

बस, माझं ठरलं. व्यायाम सुटणारच असेल तर रीतसर सुटू दे. त्याचं उद्यापन करायचं.

हसा. सांगलीची माझी थोरली बहीण, अक्का, हीही फोनवर पोट धरून हसली. पण एकदा हसून झाल्यावर तिने मनापासून सगळं सांगितलं. "चूर्म्याचे लाडू कर, गूळ घालून. सोवळं नेस, बाबांचं आहे ना तुझ्याकडे? आणि मेहुणं बोलाव, जोडीनं या म्हणावं. उपाशी या म्हणावं. नाहीतर ती दिल्लीची माणसं पराठे चेपून येतील आणि तुझे लाडू तसेच राहतील."

आमच्या सोसायटीतली तीन जोडपी ठरवली. त्यातले खन्ना म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर राहणारे, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि माझी जीभ अडखळली. व्यायामाचं उद्यापन हे हिंदीत कसं सांगणार? मराठीतही धड सांगता येत नव्हतं. म्हणून फक्त आवश्यक तेवढं बोललो. म्हटलं, "खन्नाजी, मेरा एक्सरसाइज़ का कोर्स पूरा हो गया. रविवार सुबह घर आइए. जोड़ी से आना है. और हाँ, खाली पेट."

खन्नाजींनी माझ्या उतरलेल्या पोटाकडे आदरानं पाहिलं. "बिल्कुल आएँगे जी," म्हणाले. बाकी दोन्ही घरी हेच वाक्य बोललो. तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला रविवारपर्यंत कळलं नाही.

आपल्याकडे जेवायला सकाळी या म्हटलं तरी माणसं दुपारी बाराच्या सुमाराला येतात. मी त्या हिशेबानं निवांत होतो. अंघोळ करून सोवळं नेसलं, वर उघडाच. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला. खन्नाभाभींना खाली बसता येत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच घरातल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या. आणि कोपरापर्यंत तुपात हात घालून लाडू वळायला बसलो.

सात वाजता बेल वाजली.

दार उघडलं. समोर तिन्ही जोडपी. अंगात ट्रॅक सूट, पायात बूट, प्रत्येकाच्या काखेत गुंडाळलेली चटई. खन्नाजींच्या कपाळावर घाम टिपायची पट्टीसुद्धा होती. आणि अलीकडे मी, उघडाबंब, वडिलांच्या सोवळ्यात, हातांवर तूप चकाकतंय.

खन्नाजींची नजर माझ्या तुपकट हातांवर गेली. मग खन्नाजींचा चेहरा उजळला.

"वाह जी वाह, पाटणकरजी! मालिश भी कर रखी है. बिल्कुल अखाड़े वाली बात!"

ते आत शिरले, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि बायकोला म्हणाले, "देखा? पूरा सेटअप तैयार है."

मी खुलासा करणार होतो. शपथ घेऊन सांगतो, तोंड उघडलंही होतं. पण खन्नाभाभी एका खुर्चीत टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाईसाहब, अच्छा किया आपने बुला लिया. रिटायर होने के बाद ये सुबह से बस टीवी देखते हैं, और मैं इन्हें. अकेले कुछ होता नहीं."

मी उघडलेलं तोंड मिटलं. हात धुऊन आलो, समोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "हाथ ऊपर."

खन्नाजींनी विचारलं, "बैठके?"

"बैठके."

त्यांचा थोडा हिरमोड झाला. पण जरा वेळानं त्यांच्या कपाळावरची पट्टी ओली झाली, तेव्हा तो गेला. मला सगळं पाठ होतं. मध्ये अडलो की टीव्हीतल्या बाईंच्या आवाजात "बहुत बढ़िया, आप कर सकते हैं" म्हणायचं, तेवढ्यात पुढचं आठवायचं. पाय उचलण्याच्या वेळी मात्र सोवळ्याची गाठ सैल पडायला लागली. तेव्हा मी गाठ धरून नुसत्या सूचना दिल्या. पुष्कळ गुरू लोक सूचनाच का देतात, ते मला त्या दिवशी समजलं.

शेवटी लाडू वाटले. खन्नाजींनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बायकोला म्हणाले, हा पैलवानांचा खुराक दिसतो. मग त्या सहाजणांनी माझ्याच हॉलमध्ये, मला न विचारता, उद्यापासून रोज पार्कात जमायचं ठरवलं. खुर्ची ज्याची त्यानं आणायची.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. "झालं का रे उद्यापन? सुटलास?"

मी म्हटलं, "अक्का, मला वाटतं, विधीत काहीतरी चुकलं. उलटं झालं. व्रत पुन्हा मानगुटीवर बसलंय."

"बसू दे," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "नीलिमा असती तर हसून लोळली असती रे."

"हो," म्हटलं. दुसरा दिवस सोमवार होता, ते मात्र तिला सांगितलं नाही.

सोमवारी मी लवकर उठलो. पेपर दारातच राहिला. काल फार शोभा झाली होती, आज तरी माणसात दिसावं म्हणून कपाटातून सईनं पाठवलेला कोरा ट्रॅक सूट काढला, केस नीट विंचरले, खुर्ची उचलली आणि पार्कात गेलो.

गवतावर खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. बायका स्वेटर घालून बसल्या होत्या. आणि मधोमध, फेब्रुवारीच्या त्या थंडीत, तिन्ही पुरुष उभे होते. उघडे. कमरेला पांढरी धोतरं, कशीबशी गुंडाळलेली. अंगाला तेल चोपडलेलं, दात वाजतायत.

खन्नाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझा ट्रॅक सूट काही त्यांना आवडला नाही.

"क्या पाटणकरजी," ते म्हणाले, "हमको लगाकर खुद पहले ही दिन बिना यूनिफॉर्म के?"