खोट्या रेशमाचं सोवळं

मंडळी, आज सकाळी सदलग्यात आमच्या विहिरीवर झालेलं सांगते.

शेजारची जैन पद्माक्का नवं लुगडं धूत होती. जपानी नकली रेशीम, लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं. देवळात नेसायचं होतं. सवयीनं करकचून पिळलं आणि पदर टरकन फाटला.

"आक्का, हे भिजलं की कच्चं होतंय. पिळू नगा, निथळू द्या," मी म्हटलं, पण उशीर झाला होता.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "खोट्या रेशमाला कसलं सोवळं? खरं घ्यायचं हुतं."

"खऱ्यासाठी किडं उकळून मारत्यात, मावशी," पद्माक्का म्हणाली. "खोटं हाय म्हणूनच देवळासाठी घेतलं की!"

सासूबाई सोवळ्याची घागर उचलून निघाल्या, अंगावर खरं रेशीम.

तुम्हीच सांगा, देवाला कुठलं चालत असेल?